वर्षातून दोनदा खोटी सही

स्प्रिंकलरचं हेड जागेवर ठेवून तपासता येत नाही. हे आधी पक्कं समजून घ्या, कारण आपल्या उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेचा सगळा खोटेपणा इथेच उघडा पडतो. पंप चालू करून बघता येतो. होज रीलचं पाणी किती लांब जातं ते पार्किंगमध्ये उभं राहून दिसतं. मजल्याच्या टोकाला असलेला टेस्ट व्हॉल्व्ह उघडला की पाइपात पाणी आहे का, दाब आहे का, घंटा वाजते का, हे पाच मिनिटांत कळतं. पण छतातून खाली आलेल्या त्या पितळी हेडमधली काचेची बारीक नळी आगीत वेळेवर फुटेल का, आणि फुटल्यावर तिच्यामागचं झाकण सुटून पाणी बाहेर येईल का, हे जाणून घ्यायचं असेल तर हेड खाली काढावं लागतं, प्रयोगशाळेत तापवावं लागतं आणि तिथे ते फुटू द्यावं लागतं. तपासलेलं हेड पुन्हा वापरता येत नाही. त्याच्या जागी नवं बसवावं लागतं.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या दिघीत राहतो. चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. फायर पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर ही सगळी माझ्या रोजच्या कामातली यंत्रणा होती. दिघी, चऱ्होली, मोशी इथल्या ओळखीच्या सोसायट्यांच्या पंप रूम मी पाहिल्या आहेत, त्यांच्या फाइली वाचल्या आहेत. त्यांतल्या एकाही फाइलमध्ये हेड काढून तपासायला पाठवल्याचा कागद मला सापडलेला नाही. तरीही प्रत्येक फाइलमध्ये बी फॉर्म आहे, आणि त्यावर सही-शिक्का आहे.

बी फॉर्म म्हणजे काय ते रहिवाशांनी एकदा नीट समजून घ्यावं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा कायम चालू आणि कार्यक्षम ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत तुमची-माझी. यंत्रणा तशी आहे असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं. ते प्रमाणपत्र म्हणजे बी फॉर्म. कायदा चांगला आहे. देशातल्या कितीतरी राज्यांना असा कायदा करायला आपल्यानंतर बरीच वर्षं लागली. पण 'कार्यक्षम' या शब्दाखाली सही करणाऱ्या माणसाने शेकडो हेडपैकी एकही उघडून पाहिलेलं नसेल, तर ती सही खोटी आहे. मी मवाळ शब्द शोधणार नाही. खोटी सही आहे ती, आणि ती घेणारी कमिटी त्या खोटेपणात बरोबरीची भागीदार आहे.

आमच्याकडे हे काम कसं चालतं ते सांगतो. एजन्सीचा मुलगा मोटरसायकलवर येतो. पंप रूममध्ये जाऊन मेन पंप अर्धा मिनिट चालवतो, प्रेशर गेजचा फोटो काढतो, दोन-चार सिलिंडरांवर नवं स्टिकर लावतो. मी त्याला विचारलं, "भाऊ, स्प्रिंकलरचं काय?" तो म्हणाला, "काका, ते व्हिज्युअल असतं." म्हणजे खालून वर बघायचं. मी म्हटलं, चल, खालून तरी बघू. तळघरातल्या पार्किंगमध्ये फिरलो. एका हेडवर रंगाचा थर होता. छत रंगवताना स्प्रे गन फिरली आणि हेड, पाइप, ब्रॅकेट सगळं एकाच पांढऱ्या रंगात गेलं. एका हेडवर बिल्डरच्या काळातली प्लास्टिकची टोपी तशीच होती. ती टोपी वाहतुकीत आणि बसवताना काच सांभाळण्यासाठी असते, बसवून झाल्यावर काढायची असते. एका हेडच्या फ्रेमला गणपतीच्या मांडवाची सुतळी बांधलेली होती. मुलाने सगळं पाहिलं, मान डोलावली आणि निघून गेला. आठवड्याने बी फॉर्म आला. त्यात सगळी यंत्रणा समाधानकारक होती.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याला जो पगार मिळतो त्यात त्याने सोसायटीच्या चेअरमनशी भांडावं, अशी अपेक्षा कोण करील? ज्याच्या नावाचा परवाना आहे, ज्याची सही आहे, तो माणूस आमच्या गेटच्या आत मी कधी पाहिला नाही. राग त्याच्यावर आहे.

आता ते हेड नेमकं करतं काय? काचेच्या नळीत रंगीत द्रव असतो आणि हवेचा एक लहान बुडबुडा असतो. उष्णतेने द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, मग काचेवर आतून दाब येतो आणि ती फुटते. रंगावरून तापमान कळतं. नारिंगी 57 अंश सेल्सिअस, लाल 68, पिवळी 79, हिरवी 93. आपल्या घरांत आणि पार्किंगमध्ये बहुतेक लालच दिसते. काच फुटली की तिने दाबून धरलेलं झाकण निसटतं आणि पाणी तबकडीवर आपटून छत्रीसारखं पसरतं. नेहमीच्या मापाच्या हेडमधून 1 बार दाबाला मिनिटाला 80 लिटर पाणी पडतं. सिनेमात दाखवतात तसा सगळ्या मजल्यावर एकदम पाऊस पडत नाही. जे हेड तापलं तेच उघडतं. म्हणून बहुतेक आगी मोजक्या हेडवरच आटोक्यात येतात, आणि म्हणूनच आगीच्या वर नेमकं लटकलेलं ते एक हेड न उघडणं इतकं घातक ठरतं. शेजारचं उघडेपर्यंत आग मोठी झालेली असते.

रंगाचा थर बसला की उष्णता काचेपर्यंत उशिरा पोचते आणि झाकण फ्रेमला चिकटतं. रंग लागलेलं हेड खरवडून साफ करायचं नसतं, बदलायचं असतं. धूळ, जाळी, वंगणाचे डाग यांचाही तसाच परिणाम होतो, आणि आळंदी रस्त्यावर राहणाऱ्याला धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. हे सगळं निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारा भाग पाइपच्या आत आहे.

पाइपात कोणतं पाणी आहे? नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी मिळायला लागलं आणि मग वर्षानुवर्षं तीच व्यवस्था राहिली. त्यामुळे बोअरचं आणि टँकरचं पाणी सोसायटीच्या टाक्यांत आलं. ज्यांनी बादलीवर, नळावर, गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर पाहिला आहे, त्यांनी तेच पाणी स्प्रिंकलरच्या पाइपात वर्षानुवर्षं हलत नाही असं चित्र डोळ्यांसमोर आणावं. क्षार झाकणाच्या कडेला बसतात. पाइपातला गंज सुटून हेडच्या तोंडाशी साचतो. काच वेळेवर फुटली तरी झाकण जागचं हलत नाही, किंवा हललं तरी धार अडते. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात आगीसाठी राखीव ठेवलेल्या टाकीतलं पाणी वापराला घेण्याची सवय काही कमिट्यांना लागली आहे. टाकी रिकामी झाली की लाइनचा दाब टिकवणारा जॉकी पंप कोरडा फिरतो, म्हणून पंपाचं पॅनल 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकलं जातं, आणि मग ते तिथेच राहतं. मॅन्युअलवर टाकलेला पंप आग लागल्यावर आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी अंधारात, धुरात, तळघरात जाऊन बटण दाबावं लागतं. रात्री तीन वाजता कोण जाणार आहे? वॉचमन, ज्याला ते पॅनल कुणी दाखवलेलं नाही.

अमेरिकेतल्या एनएफपीए संस्थेचं 25 क्रमांकाचं मानक जगभर वापरलं जातं. आपल्याकडे ते कायद्याने बंधनकारक नाही, पण चाकणमधल्या परदेशी कंपन्यांचे ऑडिटर तेच घेऊन येतात. त्यात साध्या हेडला 50 वर्षांनी नमुना तपासणी सांगितली आहे, नाहीतर सगळी बदला. लवकर उघडणाऱ्या, पातळ काचेच्या हेडला आधी 20 वर्षं होती, नव्या आवृत्तीत 25 आहेत. हे आकडे ऐकून कमिट्या निर्धास्त होतात: आपली इमारत तर बारा वर्षांची. त्यांनी पुढचं कलम वाचावं. जिथे हवा किंवा पाणी गंजवणारं आहे तिथे हीच मुदत 5 वर्षांवर येते. वर सांगितलेलं बोअरचं पाणी, रासायनिक कारखान्यांच्या शेजारची हवा, तळघरातली ओल हे सगळं असताना मी 50 वर्षांचा आकडा मान्य करणार नाही. नमुना तरी किती काढायचा? एकूण हेडच्या 1 टक्का, पण 4 पेक्षा कमी नाही. हजार हेडच्या इमारतीत फक्त दहा. त्यांतलं एक जरी नापास झालं तर त्या नमुन्याने दाखवलेल्या भागातली सगळी बदलायची. शिवाय सुट्या हेडची एक पेटी पंप रूमजवळ ठेवायची, सोबत तिचा खास पाना. तीनशेपेक्षा कमी हेड असतील तर पेटीत 6, हजारापर्यंत 12, त्यापुढे 24. ही पेटी तुमच्या सोसायटीत आहे का ते आज संध्याकाळी जाऊन बघा.

कुणी म्हणेल, नावाजलेल्या कंपनीचं हेड आहे, प्रमाणित आहे, ते कशाला नापास होईल? अमेरिकेत 1998 साली सेंट्रल स्प्रिंकलर कंपनीची ओमेगा नावाची 84 लाख हेड परत मागवावी लागली. 2001 साली त्याच कंपनीची आणखी 3 कोटी 50 लाख. दुसऱ्या वेळी दोष होता आतल्या रबरी ओ-रिंगचा: पाण्यातले क्षार आणि गंज यांमुळे ती अडकायची आणि आग असूनही हेड उघडायचं नाही. ती सगळी हेड प्रमाणित होती. शाळांत होती, इस्पितळांत होती, वृद्धाश्रमांत होती. दोष कळला तो हेड खाली काढून तपासली म्हणून. आपल्याकडे असा दोष असेल तर तो कळण्याचा एकच मार्ग आज शिल्लक आहे, आणि तो मार्ग म्हणजे खरी आग.

त्या मार्गाने आपल्याला बरंच कळलेलं आहे. 22 ऑगस्ट 2018 रोजी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार माणसं गेली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती. 22 जानेवारी 2022 ला ताडदेवच्या सचिनम हाइट्समध्ये आग लागली. त्या दिवशी सहा जण गेले, पुढे आकडा वाढला. तिथली यंत्रणाही चालत नसल्याचं अग्निशमन दलाने सांगितलं. दोन्ही ठिकाणी पाइप होते. लाल रंगाचे, छताला नीट बसवलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारे. रहिवाशांनी ते वर्षानुवर्षं पाहिले असतील आणि आपण सुरक्षित आहोत असं मानलं असेल. जिथे यंत्रणाच नाही तिथला माणूस निदान सावध राहू शकतो. बंद यंत्रणा त्याची सावधगिरीही काढून घेते.

आमच्या शहरात 30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेलं चौघांचं कुटुंब संपलं. त्याच वर्षी 8 डिसेंबरला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलझडी मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. सहा कामगार बायका जागीच गेल्या, नंतर इस्पितळात आणखी. दोन्ही ठिकाणी स्प्रिंकलरचा प्रश्नच नव्हता, तिथे मुळात काहीच नव्हतं. त्यानंतर महिनाभर सगळीकडे फायर ऑडिटची भाषा झाली. पण त्या चर्चेत एक समज पक्का झाला की धोका म्हणजे पत्र्याची शेड, पोटमाळा, बेकायदा धंदा. परवानगीची इमारत, भोगवटा प्रमाणपत्र, बी फॉर्म असला की प्रश्न मिटला. हा समज चुकीचा आहे आणि तो माणसं मारील.

दिघीच्या माणसाला धोका समजत नाही असं कुणी म्हणू नये. लष्कराच्या दारूगोळ्याच्या मॅगझिनमुळे रेड झोनची हद्द कुठून जाते, कोणत्या सर्व्हे नंबरवर बांधकाम अडलं, कुणाच्या जागेची नोंदणी थांबली, हे इथल्या चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा. स्फोटकांपासूनचं अंतर आम्ही मीटरमध्ये बोलतो, कारण त्यावर जागेचा भाव ठरतो. स्प्रिंकलरच्या हेडवर भाव ठरत नाही. फ्लॅट घेताना मॉड्युलर किचन, लिफ्टची कंपनी, क्लब हाउस सगळं विचारतात. हेड कोणत्या सालचं, असं कुणी विचारत नाही. साल हेडवरच कोरलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती माझ्याच व्यवसायातल्या माणसांची. चाकणला आमच्या कारखान्यात विमा कंपनीचा इंजिनिअर यायचा. तो कागद बघायचा नाही. शिडी मागायचा. वर चढून हेडचं साल वाचायचा, गंज खरवडून बघायचा, पंपाचा दाब स्वतः घ्यायचा, आणि एक व्हॉल्व्ह बंद सापडला तरी मॅनेजमेंटला उत्तर द्यावं लागायचं. आम्ही घाबरून का होईना, काम करायचो. याच पट्ट्यातले हजारो इंजिनिअर, सुपरवायझर, सेफ्टी ऑफिसर संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरतात आणि दिघी-मोशीच्या सोसायट्यांत राहायला जातात. दिवसभर दुसऱ्याच्या मशीनवरचं हेड तपासणारा माणूस स्वतःच्या बेडरूममध्ये पीओपीचं छत करताना काँट्रॅक्टरला सांगतो, "ते मधे येतंय, प्लग मारून टाक." प्रेसशॉपमधल्या यंत्रावर जेवढं लक्ष ठेवलं जातं तेवढं आपल्या झोपलेल्या लेकरांवर ठेवायला कुणी विचारणारा लागतो का?

सर्वसाधारण सभेत हा विषय काढला की उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, खर्च. एका हेडची किंमत काही शे रुपये आहे. दहा हेड काढा, नवी बसवा, लाइन रिकामी करून पुन्हा भरा, तपासणीची फी द्या. सगळं धरून आमच्या सोसायटीच्या गेटच्या रंगकामाएवढाही खर्च येत नाही. सगळीच बदलायची वेळ आली तर आकडा मोठा होतो हे खरं आहे, पण दुरुस्ती-देखभाल निधी आणि सिंकिंग फंड मग कशासाठी जमवतो आपण? दुसरं उत्तर, "उगाच हात लावला तर गळती होईल." लाइनला हात लावल्यावर गळत असेल तर ती लाइन आजच निकामी आहे. तिसरं उत्तर सर्वांत वाईट. एका सभेत सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, फॉर्म आहे ना आपल्याकडे? उद्या काही झालं तर जबाबदारी एजन्सीची." यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी कायद्याने सोसायटीवर टाकली आहे, एजन्सीला पैसे देऊन ती विकता येत नाही. आणि माणूस गेल्यावर जबाबदारी कुणाची याचा निकाल लावून त्याच्या घरच्यांना काय मिळणार?

महापालिकेच्या अग्निशमन विभागालाही मी सोडणार नाही. मनुष्यबळ कमी आहे, शहर वाढलं आहे, हे मान्य. आगीच्या तोंडी जाणाऱ्या जवानांबद्दल मला आदर आहे. पण बी फॉर्म स्वीकारणाऱ्या टेबलावर शिडीची गरज नाही. तिथे फक्त एक प्रश्न विचारायचा: हेडचा नमुना कधी काढला, अहवाल कुठे आहे? राज्य सरकारला बी फॉर्मच्या छापील नमुन्यात फक्त चार ओळी वाढवायच्या आहेत. हेडची एकूण संख्या, उत्पादनाचं साल, शेवटच्या नमुना तपासणीची तारीख, प्रयोगशाळेचं नाव. एवढ्याने परवानाधारकाची सही कशावर आहे ते ठरेल. आणि प्रयोगशाळेसाठी लांब जायला लागू नये. भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, चाकणला वाहनं तपासणाऱ्या एआरएआयचं केंद्र आहे. गाडीचा एक-एक सुटा भाग तोडून, जाळून, ताणून तपासणाऱ्या या पट्ट्यात हेड तापवण्याची एक भट्टी आणि दाबाचं पाणी उभं करणं अवघड नाही. ते करायचं ठरवायला हवं.

आमच्या सोसायटीपुरतं मी लेखी दिलं आहे. 30 सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायचा. तळघरातून चार, रंग लागलेल्या मजल्यांवरून चार आणि सर्वांत वरच्या मजल्यावरून चार हेड सभासदांसमोर काढायची, त्यांची सालं लिहून घ्यायची, पाइपातलं पाणी बाटलीत भरून तेही तपासायला द्यायचं. पीओपीखाली दडवलेली आणि प्लग मारलेली हेड ज्यांच्या घरात आहेत त्यांनी स्वतःच्या खर्चाने मोकळी करायची. पॅनल 'ऑटो'वर आहे की नाही हे रोज रात्रपाळीच्या वॉचमनने वहीत लिहायचं आणि ती वही कमिटीने दर रविवारी बघायची. अहवाल हातात येईपर्यंत जानेवारीच्या बी फॉर्मचे पैसे एजन्सीला द्यायचे नाहीत. ठराव नामंजूर झाला तर विरोधात हात वर करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात घ्या, असंही मी त्याच पत्रात लिहिलं आहे.